एक हात, एक काठी, एक पाऊल

“...मग ह्येला कधी उमगायचं बाबा, की भ्यायसारखं काय न्हाई म्हणून?”

“कुणाला?” गेणूबाबांनी विचारलं.

“ह्या कुत्र्याला. आनखी कुणाला?”

“हां... कुत्र्याला,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

सिद्राम कोळेकर हात जोडून वाट बघत राहिला. थोर माणसं उत्तर देण्याआधी डोळे मिटतात, हे त्याने ऐकलेलं होतं. पठारावरून एक ढग आला, देवळाच्या ओवरीत शिरला, सगळं पांढरं करून दुसऱ्या अंगाने निघून गेला. अंगणातली दीपमाळ दिसेनाशी झाली आणि पुन्हा दिसू लागली. मग सिद्रामच्या कानावर बारीक घोरणं आलं.

बाबा झोपले होते.

ह्या देवळात असंच चाले. गेणूबाबा म्हणजे खंडोबाचे वाघ्या. आईने नवस फेडताना त्यांना देवाला वाहिलं, त्याला आता सत्तर वर्षं होऊन गेली होती. वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, आणि त्यात त्यांना काडीचाही कमीपणा वाटत नाही. दिमडी वाजवायची, आल्यागेल्याच्या कपाळाला भंडारा लावायचा आणि मधल्या वेळात बोलता बोलता झोपी जायचं, एवढाच बाबांचा दिनक्रम. पण बुजरी जनावरं त्यांच्यापाशी निवळतात, अशी साऱ्या पंचक्रोशीत ख्याती होती. लाथा झाडणारी म्हैस, ओढ्याच्या पाण्याला बिचकणारी घोडी... कसं निवळतात, ते कुणालाच सांगता येत नसे. बाबांना विचारलं तर ते म्हणत, “मला काय ठावं? मी तर झोपलो हुतो.”

सिद्रामला ह्यातलं फारसं काही पटलेलं नव्हतं. बायकोने, ठकूबाईने, धोशा लावला म्हणून तो आला होता. नाहीतर कुत्र्याच्या बाबतीत सिद्रामला कुणी चार गोष्टी सांगाव्यात, अशी वेळच आजवर आली नव्हती.

तो कोळेकरांच्या वाड्याचा म्होरक्या होता. धनगरांचा वाडा म्हणजे घर नव्हे. एकत्र चालणारी मेंढरं, घोडी, माणसं आणि कुत्री, असा सगळा फिरता संसार म्हणजे वाडा. कोळेकरांच्या वाड्याची कुत्री नावाजलेली. त्यांची नावंही तशीच दणदणीत असत. एकाचं नाव तोफ होतं, एकाचं काळ. ह्याचं नाव ठेवताना सिद्रामने मिशीवर ताव देऊन सांगितलं होतं, की ह्याची हैबत सात डोंगरांपलीकडे जाईल. म्हणून नाव हैबती.

आता हैबती स्वतःच सातही डोंगरांना भीत होता.

तो दीपमाळेच्या चौथऱ्याला चिकटून, दोरीच्या शेवटच्या टोकाला बसला होता. उंच, छातीला भरदार, तांबूस रंगाचा देखणा कुत्रा. शेपूट मात्र पोटाखाली अशी घातलेली, की ती आहे की नाही ते नवख्या माणसाला कळू नये.

दसऱ्याला आठ दिवस उरले होते. दसरा झाला की वाडा डोंगर उतरून खालच्या मुलखात निघणार. वाटेत तीन मुक्काम लांडग्यांच्या माळावर. म्हातारा तोफ गेल्या थंडीतच गेला. नवं पिल्लू आणावं तर ते राखणीला यायला दोन वर्षं लागणार. उरला एकटा हैबती. आणि वाड्यातल्या जाणत्यांनी तर सांगूनच टाकलं होतं, की भित्र्या कुत्र्याची भीती मेंढरांना लागते. दसऱ्यापर्यंत सुधारला तर ठीक, नाहीतर घाटाखालच्या बाजारात त्याला सोडायचं आणि पुढे चालू पडायचं.

हैबतीची आई त्याला जन्म देऊन मेली होती. ठकूबाईने त्याला मेंढीच्या दुधावर वाढवला. जाणत्यांचा निकाल तिने ऐकला. त्या दिवसापासून सिद्रामला भाकरी वाढताना तिने त्याच्याकडे बघणं सोडलं.

“सांग. कशाकशाला भितो?”

सिद्राम दचकला. बाबांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

“कशाला न्हाई ते इचारा! पत्र्याच्या आवाजाला. उघड्या छत्रीला. वाऱ्यानं पोतं हाललं तर त्या पोत्याला. परवा मेंढी शिंकली, तर गडी घोडीच्या पोटाखाली जाऊन बसला.”

“आन्?”

“ढोलाला. परक्या माणसाला.”

“आन्?”

“आन् काय... झालं की. एवढंच.”

“एक ऱ्हायलं,” बाबा म्हणाले.

“कंचं?”

बाबा ओवरीबाहेर बघत राहिले. पठारभर पिवळी फुलं फुलली होती. ढगाची सावली त्यांच्यावरून सरकत गेली की फुलं विझत, सावली गेली की पुन्हा पेटत. बघता बघता आपण कशासाठी आलो तेच माणसाने विसरावं, असं ते ठिकाण होतं. पण सिद्राम विसरणाऱ्यांतला नव्हता.

“कंचं ऱ्हायलं, बाबा?”

“तू काय काय केलंस त्ये सांग आदी.”

इथे सिद्राम जरा ताठ बसला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता.

“ढोलाला भितो म्हणून ढोलाखाली बांधला. सकाळधरनं सांजपत्तूर ढोल बडविला. सांच्याला गप पडला. म्हणलं, मेलं एकदाचं ह्येचं भ्या.”

“आन् मग?”

“दोन दीस जेवला न्हाई.” सिद्राम घाईने पुढे गेला. “छत्रीला भितो म्हणून छत्री त्येच्या तोंडापुढं उघडून धरली. वढ्यात एकला बांधून आलो. ताईत बांधला. भ्यालेल्यासंगं मऊ लागून चालत न्हाई बघा. म्या काय बी कमी केलं न्हाई.”

“लई दमला असशील,” बाबा कळवळून म्हणाले.

“कोण, कुत्रा?”

“त्यो बी.”

सिद्रामला हसावं की रागवावं ते कळेना. त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. अंगणात हैबतीचे कान मागे गेले.

“दोरी सोड,” बाबा म्हणाले.

“पळून जाईल की!”

“मग?”

सिद्राम उठला आणि त्याने दोरी सोडली. हैबती चार उड्यांत दीपमाळेच्या पलीकडे गेला. तिथून त्याने डोकं बाहेर काढून बघितलं... आणि तिथेच खाली बसला.

“पळाला न्हाई,” सिद्राम म्हणाला. त्याच्या आवाजात नवल होतं.

“आता बस.”

“किती येळ?”

“मी काय घड्याळ हाय?”

सिद्राम ओवरीच्या पायरीवर बसला आणि कुत्र्याकडे टक लावून बघू लागला.

“त्येच्याकडं बघू नगं.”

“मग कुणाकडं बघू?”

“फुलांकडं बघ. एवढी फुलल्यात बिचारी, सकाळपास्नं कुणी बघितलं न्हाई त्यास्नी.”

सिद्राम फुलांकडे बघू लागला. त्याने आयुष्यात फुलांकडे बघितलं होतं ते एवढ्यासाठीच, की मेंढरांना चालतील की पोट फुगेल. ही चालणाऱ्यांतली होती.

“काठी खाली ठेव,” बाबा म्हणाले.

“बाबा... दुसरं काय बी सांगा. धनगर काठी खाली ठेवीत न्हाई. माझ्या बाची काठी हाय ही. झोपतानाबी उशाला असती.”

“बरं, ऱ्हाऊ दे,” बाबा म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही, म्हणूनच सिद्रामला ते जास्त लागलं.

दुपार कलली. ढग येत होते, जात होते. कधी अंगण असे, कधी नसे. एकदा दाट ढगातून दिमडीवर दोन थापा आल्या आणि थांबल्या, बहुधा वाजवणारा मध्येच झोपला असावा. सिद्रामची मान लवंडली. त्याला वाटलं, आपण लहान आहोत, बा पुढे चालतोय, मेंढरांच्या गळ्यातली घुंगरं लांब लांब जातायत...

त्याने डोळे उघडले तेव्हा ढग निघून गेला होता.

बाबा जमिनीवर आडवे होऊन घोरत होते. आणि हैबती, परक्या माणसाला भिणारा हैबती, त्यांच्या पायांशी हनुवटी टेकून निवांत पडला होता.

सिद्राम उठला मात्र, कुत्रा लगेच उठून दीपमाळेमागे गेला.

“बाबा! ओ बाबा! तुमी काय केलंत त्येला?”

“आं?... काय केलं?”

“त्यो तुमच्यापाशी आला हुता!”

“असं? बरं झालं,” बाबा जांभई देत म्हणाले. “मी झोपलो हुतो.”

“मंजी झोपायचं?”

“झोप आली तर.”

सिद्रामला झोप आली नव्हती. पण हरायची सवयही नव्हती. तो तिथेच आडवा झाला, काठी पोटाशी घेतली, आणि मोठ्याने घोरू लागला. घोरता घोरता त्याने एक डोळा किलकिला करून बघितलं. दीपमाळेमागून हैबती त्याच डोळ्याकडे बघत होता.

“त्येला कळतंय रं सगळं,” बाबा म्हणाले. “त्यो काय माणूस हाय फसायला?”

त्या दिवशी एवढंच झालं. सिद्राम ओवरीत मुक्कामाला राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, खंडोबाचा वार. पायथ्याच्या वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या नैवेद्य घेऊन चढून आल्या, देवापुढे ठेवून खांबाला टेकून बसल्या. उन्हं कोवळी होती. अंगणातल्या फरशीवर सांडलेला भंडारा दवाने ओला होऊन गडद पिवळा झाला होता.

सिद्राम तांबारलेल्या डोळ्यांनी बसला होता. रात्रभर त्याला ते एकच चित्र दिसत होतं, बाबांच्या पायाशी टेकलेली ती हनुवटी. पिल्लू होता तेव्हा हैबती ती हनुवटी त्याच्या मांडीवर टेकायचा. कधीपासून टेकेनासा झाला, ते सिद्रामला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसाच्या आसपास तो मनानेसुद्धा फिरकत नसे.

“जरा त्या दीपमाळंपत्तूर जाऊन ये,” बाबा म्हणाले.

सिद्राम चालत गेला. दीपमाळेपाशी पडलेला हैबती उठला आणि ओवरीकडे सरकला. सिद्राम परत फिरला. हैबती बाजूला झाला, वळसा घालून मागे गेला. सिद्राम थांबला तसा तोही थांबला.

“किती लांब हाय तुझ्यापास्नं?”

“असंल की आठ-धा हात.”

“असंल न्हाई. मोज.”

“कशानं मोजू?”

“हातात हाय की तुझ्या.”

सिद्रामने काठी उचलून पुढे धरली. हात अजून पुरता वरही गेला नव्हता, तोच हैबती जमिनीसरपट झाला आणि त्याने डोळे मिटून घेतले. पण जागचा हलला नाही. काठीचं टोक त्याच्या नाकापासून एक पाऊल अलीकडे राहिलं.

“आता तिकडं जा. चिंचंखाली.”

सिद्राम अंगणाच्या कडेच्या चिंचेखाली गेला. कुत्रा हलला, थांबला. काठी लांब केली. एक पाऊल अलीकडे.

“पायरीवर जा.”

पुन्हा तेच. एक हात, एक काठी आणि वर एक पाऊल. ह्या कुत्र्याला आकडे येत नव्हते, पण हे माप त्याच्या अंगात बसलं होतं. घाव जिथवर पोचतो तिथवर सिद्रामचं राज्य, आणि त्याच्यापुढचं एक पाऊल हैबतीने स्वतःसाठी राखून ठेवलं होतं.

सिद्राम अंगणाच्या मधोमध उभा राहिला. काठी पुढे धरलेली तशीच होती. ती खाली घ्यायचंही त्याला सुचेना.

“ऱ्हायलेलं एक... घावलं का?” बाबांनी हळू विचारलं.

ढग आला. अंगण नाहीसं झालं, म्हाताऱ्या नाहीशा झाल्या, कुत्राही नाहीसा झाला. पांढऱ्या धुक्यात फक्त बाबांचा आवाज उरला.

“असंच धुकं हुतं का रं तवा?”

“असंच...” सिद्राम म्हणाला. “पहाट हुती. गेल्या शिमग्यात. पयला त्योच भुंकला. मग माझ्याकडं आला. घोंगडीचं टोक दातात धरून वढाय लागला. म्या डोळं उघडलं तर... समूर... ह्या खांबाएवढ्या अंतरावर लांडगा हुबा. माझ्याकडंच बघत हुता.”

“मग?”

सिद्रामने पुढे धरलेली काठी खाली घेतली.

“म्या घोंगडी डोस्क्यावरनं घेतली.”

“आन्?”

“आतनं ऐकू येत हुतं समदं. ह्यो एकलाच गेला त्येच्या अंगावर. एकला किती पुरणार? मागं आला. पुन्यांदा माझी घोंगडी वढाय लागला. म्या आतनं घट्ट धरून ठेवली, बाबा. दोन कोकरं गेली. माणसं जागी झाली तवा ह्यो माझ्यापाशी. समद्यांनी इचारलं, कुत्रं हितं कसं? म्या म्हणलं... पळून आलं. भित्रं हाय.”

“आन्?”

“आन् समद्यांदेखत मारला त्येला. ह्याच काठीनं. हात दमंस्तवर.”

हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ठकूबाईलाही नाही. पण तिला ते ठाऊक असलं पाहिजे, असं त्याला आता पहिल्यांदाच वाटलं, आणि तो शरमेने गारठला.

बाबा झोपले की काय, म्हणून सिद्रामने धुक्यात वळून बघितलं. ढग विरळ होत होता. बाबा झोपले नव्हते. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचे डोळे पुरते उघडे होते, आणि त्यांत पाणी होतं.

“आता म्या काय करू?” सिद्रामने विचारलं.

“भूक लागलीया,” बाबा म्हणाले, आणि उठून आत गेले.

येताना त्यांनी कोटंबा आणला. कोटंबा म्हणजे वाघ्याजवळचं चौकोनी लाकडी पात्र, वर्षानुवर्षांच्या भंडाऱ्याने पिवळं पडलेलं. त्यात त्यांनी म्हाताऱ्यांनी आणलेलं दूध ओतलं, बाजरीची भाकरी कुस्करली आणि तो अंगणात फरशीवर ठेवला. मग सत्तरी ओलांडलेले बाबा हातापायांवर ओणवे झाले, कोटंब्याशी तोंड नेऊन देवाकडे बघत भुंकले.

वाघ्यांची ही रीतच आहे. देवाच्या दारी कुत्र्यासारखं भुंकायचं आणि मग त्या पात्रात तोंड घालायचं. म्हाताऱ्यांनी नेहमीसारखे हात जोडले. त्यांना त्यात नवल काहीच नव्हतं.

दीपमाळेपाशी हैबतीचे कान उभे राहिले.

“ये,” बाबा सिद्रामला म्हणाले. तोंडाला दूध लागलं होतं.

“मी?”

“मग कोण? दोघांपुरतं हाय.”

सिद्रामने म्हाताऱ्यांकडे बघितलं. वाघ्याने भुंकणं वेगळं. पण कोळेकरांच्या वाड्याचा म्होरक्या, दोनशे मेंढरांचा धनी, लाल पटका बांधणारा माणूस दोन म्हाताऱ्यांदेखत कुत्रा होऊन भुंकणार? उद्या साऱ्या डोंगरात होईल ही गोष्ट.

मग त्याला आठवलं, की समद्यांदेखत त्याने ह्याआधीही एक गोष्ट केली होती. तेव्हा त्याला लाज वाटली नव्हती.

तो कोटंब्याजवळ आला. ओणवं व्हायला दोन्ही हात मोकळे लागतात, हे त्याला तिथे आल्यावर कळलं. त्याने काठीकडे बघितलं. बाची काठी. मग तो वाकला आणि ती त्याने फरशीवर ठेवली. लाकूड दगडाला लागून बारीकसा आवाज झाला, बास, तेवढाच.

तो हातापायांवर टेकला. जमीन गार होती. इतक्या खालून जग वेगळंच दिसत होतं. खांब फार उंच, माणसं फार मोठी, आणि सगळ्यात मोठे त्यांचे हात.

“भुंक,” बाबा म्हणाले.

सिद्राम भुंकला. आवाज चिरका आला. एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

“ह्यो न्हाई. त्या दिशी ऱ्हायलेला.”

सिद्रामने डोळे मिटले. धुकं. खांबाएवढं अंतर. घोंगडी कुणीतरी बाहेरून ओढतंय, ओढतंय... त्याने तोंड उघडलं आणि तो भुंकला. छातीच्या तळातून, अंग थरथरेपर्यंत भुंकला. पठाराने तो आवाज घेतला आणि पलीकडच्या दरीतून परत दिला. तो पुन्हा भुंकला. तिसऱ्यांदा भुंकायला गेला तेव्हा भुंकणं राहिलं आणि हुंदका आला. कपाळ फरशीला टेकवून तो रडत राहिला.

हसणाऱ्या म्हातारीने तोंडावरचा पदर खाली घेतला.

“वर बघू नगं,” बाबा पुटपुटले. “खा मुकाट.”

सिद्रामने कोटंब्यात तोंड घातलं. दूध, बाजरी, थोडा भंडाऱ्याचा कडवटपणा. बाजूला नखांचा आवाज झाला. टक, टक... थांबला. पुन्हा टक, टक. कुत्रा येत होता. एका काठीच्या आत आला होता तो. सिद्राम हलला नाही.

पण हैबती कोटंब्याकडे आला नाही. तो आधी काठीपाशी गेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने ती सावकाश हुंगली. परत फिरला, मधोमध उभा राहिला, विचार केल्यासारखं केलं, आणि मागचा पाय वर करून कोळेकरांच्या घराण्याच्या काठीवर निवांत मुतला.

बाबा हसता हसता कोटंब्यावरच कलंडले. म्हाताऱ्या खो खो हसू लागल्या. आणि सिद्राम, नाकाला दूध, डोळ्यांत पाणी, ओणवाच राहून हसू लागला. किती महिन्यांनी हसतोय, ते त्याला आठवेना.

हैबतीने मग कोटंब्यात तोंड घातलं, पलीकडच्या कोपऱ्यातून. सिद्राम त्याच्याकडे बघत नव्हता. त्याने फक्त एक हात जमिनीवर उपडा ठेवला होता. दूध संपलं. ओलं, गार नाक त्याच्या मनगटाला लागलं, लगेच मागे गेलं, पुन्हा लागलं. सिद्रामला त्याच्या मानेभोवती हात घालून त्याला घट्ट धरावंसं वाटलं. त्याने हात जागेवरच ठेवला. ते त्याला काठी ठेवण्याहून अवघड गेलं.

तेवढ्यात वारा सुटला आणि ओवरीवरचा सुटा पत्रा धाडकन आपटला. हैबती उडाला. चारी पाय पळायच्या तयारीत, शेपूट पोटाखाली... आणि तसाच थांबून त्याने सिद्रामकडे बघितलं.

सिद्राम बसूनच होता. त्याने वर पत्र्याकडे बघितलं, मग फुलांकडे बघितलं. पत्रा पुन्हा वाजला. हैबती थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने अंग झटकलं आणि तो खाली बसला, हाताच्या अंतरावर.

दुपारी सिद्राम निघाला. काठी त्याने ओढ्यावर धुऊन आणली होती. तिला घोंगडीचं गाठोडं अडकवून ती त्याने खांद्यावर टाकली. हैबतीच्या गळ्यात दोरी नव्हती.

“वाड्याला काय सांगू, बाबा?”

“तुझं तू सांग. त्येचं त्यो सांगंल.”

“माझं सांगतो,” सिद्राम म्हणाला. “समद्यांदेखत सांगतो. बाजारात सोडायचंच असंल, तर मला बी सोडा म्हणतो त्येच्यासंगं.”

बाबा ओवरीत भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटत आले होते. दरीतून ढगांचा नवा कळप वर चढत होता, आणि फुलं एक एक करून विझत होती. सिद्राम वळला, दहा पावलं गेला आणि थांबला. एक गोष्ट त्याला राहवू देईना. तो परत आला. हैबतीही परत आला.

“बाबा... झोपला का?”

“हं...”

“एकच इचारतो. माळावर लांडगा पुन्यांदा आला, तर... ह्यो हुबा ऱ्हाईल का हो?”

बाबांनी एक डोळा उघडला. आधी कुत्र्याकडे बघितलं, मग सिद्रामकडे. ढग ओवरीत शिरला, आणि त्या पांढऱ्यातून त्यांचा झोपाळलेला आवाज आला...

“काल त्यानंबी मला हेच इचारलं. तुझ्याबद्दल.”